अर्धी सोडलेली चाचणी

फंग युनश्यांग यांना गावात कुणी नावानं हाक मारत नसे. शिनफूच्या तांत्रिक शाळेत त्यांनी उभी हयात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आणि निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली तरी भाजीवालीपासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांचे ते ‘फंग सर’च राहिले. कुणाचा पंखा घरघरू लागला, कुणाचा रेडिओ खरखरू लागला, की तो सरांच्या दारात येई. सर चष्मा कपाळावर चढवत, यंत्राकडे बघत आणि आधी यंत्राच्या मालकाला दोन शब्द सुनावत. पेचकस हातात घेत ते त्यानंतर. त्या बोलण्याचं कुणी मनावर घेत नसे. मास्तर माणूस, बोलायचाच.

त्यांचा धाकटा भाऊ युनक्वै गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी राहत होता. वडिलांची पर्सिमन नावाच्या केशरी, गोड फळांची बाग आणि फळं वाळवायचा धंदा त्यानं सांभाळला होता. थोरला शिकला, धाकटा मातीत राहिला, आणि त्याबद्दल दोघांत कधी वाकडा शब्द निघाला नव्हता. मागच्या हंगामात फळं सोलता सोलता युनक्वैच्या हातून सुरी पडायला लागली. आधी वाटलं, दमला असेल. मग वाटी पडायला लागली, मग तो स्वतःच पडला. तैपेईच्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. घरी आल्यावर युनक्वैच्या बायकोनं, चिउमेईनं, त्याचा अर्थ सांगितला. “अंगातले स्नायू एकेक करून जाणार म्हणे. आणि औषध अजून निघालेलं नाही.”

सरांच्या पत्नी युएलान दुसऱ्या दिवसापासून तिकडे जाऊ लागल्या. सकाळी डबा घेऊन जायच्या, दुपारी परत यायच्या. सर रविवारी जायचे. भावाच्या शेजारी स्टुलावर बसायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे, आणि चिउमेई त्याला उचलायला लागली की उठून अंगणात जायचे. तिथे बांबूच्या गोल सुपांतून सोललेली फळं मांडलेली असत. सर ती उगाच निरखत राहायचे. आतून पाण्याचा, बादलीचा, चिउमेईच्या धापा टाकण्याचा आवाज येई. तो थांबला की ते परत आत येत.

“अहो, एकदा तुम्ही हात लावा की,” युएलान घरी आल्यावर म्हणाल्या होत्या. “पुरुषमाणसानं धरलं की तिला सोपं जातं.”

“माझी कंबर तुला ठाऊक आहे,” सर म्हणाले. कंबर खरोखरच दुखायची, पण तेवढी नाही.

त्या हिवाळ्यात सरांनी वर्तमानपत्रात एक बातमी वाचली. परदेशातल्या एका विद्यापीठात या आजाराशी संबंधित प्रथिनं कशी दुमडतात, याचा हिशोब चालू होता. हिशोब इतका अवाढव्य होता, की त्यांनी त्याचे बारीक तुकडे केले होते आणि जगभरातल्या लोकांना विनंती केली होती: तुमचा घरचा कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा आमचा एखादा तुकडा सोडवून द्या. सरांनी बातमी दोनदा वाचली, मग कात्रीनं कापून घेतली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे.

त्यांचा कॉम्प्युटर त्यांनी स्वतः जोडलेला होता. एकेक भाग पारखून आणलेला, तारा कशा नीट बांधलेल्या. विद्यापीठाच्या प्रणालीनं आधी त्याची तपासणी केली. प्रोसेसर मोजला, मेमरी मोजली, आणि निकाल दिला: लहान तुकडे चालतील, सावकाश. मोठ्या तुकड्यांसाठी वेग अपुरा.

सर त्या ओळीकडे बघत बसले. वर्गातल्या हुशार मुलाला कुणी ‘बरा आहे’ म्हणावं, तसं त्यांना लागलं.

प्रोसेसरचा वेग ठरलेल्या मर्यादेच्या वर ढकलता येतो. कसा, ते सरांना पाठ होतं. तसं करू नये, हेही पाठ होतं, कारण कारखान्यानं छापलेला आकडा म्हणजे सल्ला नव्हे, आदेश, असं ते मुलांना दरवर्षी बजावत आले होते. पण इथे गोष्ट भावाची होती. त्यांनी वेग चढवला, वरचा पंखा मोठा बसवला आणि तपासणी पुन्हा केली. या वेळी उत्तर आलं: मोठे तुकडे चालतील.

खाली बारीक अक्षरांत आणखी काही लिहिलं होतं. वेग बदलला असेल तर सोबतची चाचणी पूर्ण एक दिवस चालवा. त्यात एक जरी चूक निघाली, तरी हा कॉम्प्युटर कामाला लावू नका. जेवण झाल्यावर सरांनी चाचणी लावली. चहाच्या सुमारास पडद्यावर एक चूक उमटली. त्यांनी खिडकी उघडली, पंख्याचं तोंड वळवलं आणि चाचणी पुन्हा सुरू केली. रात्रीच्या जेवणापर्यंत काही निघालं नाही. युएलाननी खालून दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा सरांनी चाचणी बंद केली. इतका वेळ चालला म्हणजे चालेल, असं ते स्वतःशी म्हणाले आणि खाली जाऊन पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवसापासून कॉम्प्युटर राबू लागला. पडद्यावर टक्के वाढत जायचे, शंभर झाले की ‘पाठवला’ अशी पाटी यायची आणि नवा तुकडा उतरायचा. कोपऱ्यातल्या एका चौकोनात ‘गुण’ असा शब्द होता आणि त्यापुढे शून्य. सरांनी ते पाहिलं होतं. चढाओढ करणाऱ्या पोरांसाठी असेल, असं समजून त्यांनी सोडून दिलं. युएलाननाही ते म्हणाले, “आपण काही गुणांसाठी करत नाही.”

“वरची खोली भट्टी झालीय,” युएलान म्हणाल्या. “तेवढं बघा.”

मात्र रविवारच्या भेटी पार बदलून गेल्या. आता सरांकडे सांगण्यासारखं काही असायचं. प्रथिन म्हणजे काय, ते दुमडतं म्हणजे काय, चुकीचं दुमडलं तर काय होतं, हे सगळं ते हातातल्या रुमालाच्या घड्या घालून दाखवायचे. युनक्वै खुर्चीत मान टेकवून ऐकायचा. त्याचे शब्द आता तोंडात घोळून बाहेर पडायचे, पण थट्टेची खोड गेली नव्हती.

“दादा, या आठवड्यात किती झाले?”

“पाच गेले. सहावा चालू आहे.”

“त्यात माझ्या एका बोटाचं तरी काम उरकलं का?”

“बोटाचं कशाला, मनगटापर्यंत आलो असू.”

“मग लवकर कोपर गाठ. चिउमेईला दोन थपडा द्यायच्या राहिल्यात.”

“द्या की,” चिउमेई आतून म्हणायची. “हात वर आला तर मी स्वतः गाल पुढे करीन.”

तिघंही हसायची. हसणं ओसरलं की चिउमेई त्याला अंघोळीला न्यायची, आणि सर अंगणात जाऊन सुपांमधली फळं बघायचे. पण आता तिथे उभं राहताना त्यांना पूर्वीसारखं अवघडल्यासारखं होत नसे. आपणही आपल्या परीनं करतोच आहोत, असं वाटे.

अशी गोष्ट गावात झाकून राहत नाही, आणि सरांनी ती झाकलीही नव्हती. वर्ष फिरून पुन्हा पर्सिमनचा हंगाम आला, डोंगरावरून कोरडं वारं सुटलं, आणि ज्येष्ठांचा वर्ग चालवणाऱ्या चान बाई सरांकडे आल्या. बाई पोस्टातून निवृत्त झालेल्या, बोलण्यात चटपटीत. म्हणाल्या, “सर, सुलेखन झालं, नाच झाला, लोणचं घालून झालं. आता तुम्ही या. घरबसल्या औषधाच्या शोधाला मदत कशी करायची ते सांगा. लोक आपापले कॉम्प्युटर घेऊन येतील. कुणाचा चालेल, कुणाचा नाही, ते तिथल्या तिथे तपासून द्या.”

सर गेले. इस्त्रीचा शर्ट घालून, रुमालही घेऊन गेले. दालन भरलेलं होतं. घड्या घालून झाल्या, लोकांनी माना डोलावल्या, मग यंत्रं पुढे आली. सरांनी एकेक उघडून तपासलं आणि जुन्या सवयीनं शेरे मारले. एकाला म्हणाले, “यातली धूळ काढा, मग मला दाखवा.” दुसऱ्याला म्हणाले, “हा चालेल, पण तुम्ही चालू ठेवाल का?” चान बाईंनी आपला जुना लॅपटॉप पुढे केला. त्याचं झाकण एका बाजूनं चिकटपट्टीनं धरलेलं होतं. तपासणीत निकाल आला: लहान तुकडे चालतील, सावकाश.

“बाई, हा डबा आता निवृत्त करा,” सर म्हणाले. “असल्या गतीनं मदत करायची तर न केलेली बरी.”

लोक हसले. बाईही हसल्या आणि त्यांनी झाकण मिटलं. “बरं, आमचं राहू द्या. तुमचं दाखवा की सर. एवढ्या दिवसांत काय काय सोडवलंत ते मोठ्या पडद्यावर बघू दे सगळ्यांना.”

घरी सरांना लागेल तेवढं त्यांच्या कॉम्प्युटरवरच दिसायचं, त्यामुळे विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं आपलं पान त्यांनी कधी उघडलंच नव्हतं. ते त्यांनी तिथे उघडलं. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर भली मोठी यादी उमटली. एकेक ओळ म्हणजे एकेक तुकडा. प्रत्येक ओळीच्या शेवटी तांबड्या अक्षरांत एकच शब्द होता, इंग्रजीत. दालनात इंग्रजी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या शब्दाचा अर्थ होता ‘अमान्य’.

सरांनी यादी खाली सरकवली. तांबडं, तांबडं, तांबडं. वर एका रकान्यात कारण दिलेलं होतं: उत्तर जुळत नाही.

क्षणात सगळं त्यांच्या ध्यानात आलं. प्रत्येक तुकडा दोन घरांत पाठवला जातो आणि दोन्हींची उत्तरं ताडून बघतात, हे त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी फळ्यावर लिहिलं होतं. त्यांचं उत्तर एकदाही, कुणाशीही जुळलं नव्हतं. दर वेळी तो तुकडा कुठल्या तरी तिसऱ्या घराला पुन्हा सोडवावा लागला होता. नुसती मदत झाली नव्हती असं नाही, वर्षभर त्यांनी कामात खोळंबा घातला होता. मर्यादेबाहेर ढकललेला प्रोसेसर न कुरकुरता, न थांबता चुकीचे हिशोब करत बसला होता.

त्यांनी यादी झटकन वर सरकवली.

“सर, ते तांबडं काय आहे?” चान बाईंनी विचारलं.

“ते... तपासून झालेलं आहे.”

“म्हणजे पास?”

मागच्या रांगेत कुणी तरी फोन वर धरून फोटो काढत होतं. सर म्हणाले, “हो.”

“सगळेच?” बाई म्हणाल्या आणि लोकांकडे वळल्या. “बघा. भावासाठी माणूस काय करतो ते बघा.” टाळ्या पडल्या. सरांनी पान बंद केलं आणि इंटरनेट आज फार मंद आहे असं काहीतरी पुटपुटले. निघताना लोकांनी त्यांना मधोमध उभं करून फोटो काढला. फोटोत ते हसत आहेत.

घरी येऊन त्यांनी शर्टही न बदलता वर जाऊन कॉम्प्युटर बंद केला. मग पुन्हा चालू करून वेग मूळच्या आकड्यावर आणला आणि ती चाचणी लावली. या वेळी ती पूर्ण एक दिवस चालू दिली. एकही चूक निघाली नाही. हेच त्यांना जास्त झोंबलं. यंत्रात काही खोट नव्हती. लहान तुकडे, सावकाश, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

युएलानना त्यांनी काही सांगितलं नाही. त्या दोन दिवस त्यांच्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “वर्गात कुणी काही बोललं का?”

“नाही. टाळ्या वाजवल्या.”

“मग तोंड असं का?”

“पोट बरं नाही,” सर म्हणाले. ताटातल्या रुंद शेवया तशाच गार होऊन एकमेकींना चिकटल्या.

रविवार आला. न जाण्याचं एखादं कारण सुचतंय का, हे सरांनी सकाळभर पाहिलं आणि शेवटी गेले. कुणीतरी ढकलत आणल्यासारखे ते स्टुलावर येऊन बसले. चिउमेईनं तो फोटो आधीच पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, शेजारणीला पाठवला होता आणि युनक्वैच्या खुर्चीसमोर फोन उभा करून त्यालाही दाखवला होता.

“भावोजी, चान बाईंनी लिहिलंय, तुमचे सगळेच्या सगळे पास म्हणून.”

“त्या काहीही लिहितात.”

“दादा आता लाजणार,” युनक्वै म्हणाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला. “माझ्याकडून व्यायाम करून घ्यायला तो मुलगा येतो ना, त्यालाही मी सांगितलं. म्हटलं, माझा भाऊ मास्तर आहे, त्याचे पेपर कधी चुकत नाहीत. किती झाले या आठवड्यात?”

आत्ता सांगावं, असं सरांना वाटलं. तोंड उघडलंसुद्धा. पण चिउमेई दारात उभी होती, हात ओल्या फडक्याला पुसत, आणि तिच्या चेहऱ्यावर एवढ्या दिवसांत न दिसलेली एक मोकळीक होती.

“चार,” सर म्हणाले.

अंघोळीची वेळ व्हायच्या आतच ते उठले. सायकल हातात धरून चालत चालत घरी गेले. वाटेत दोन ओळखीची माणसं भेटली, दोघांनी वर्गाबद्दल त्यांचं कौतुक केलं, आणि दोघांचंही त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना तो नम्रपणा वाटला. आजवर लोकांनी आदरानं बघितलं की त्यांना बरं वाटे. आता समोरून कुणी येताना दिसलं, की रस्ता ओलांडून पलीकडे जावंसं वाटू लागलं.

त्या आठवड्यात थायचुंगला नातू तापानं आजारी पडला आणि युएलान मुलाकडे गेल्या. इकडे वाळवणाचे सगळ्यांत घाईचे दिवस. बुधवारी दुपारी चिउमेईचा फोन आला. ती कधी फोन करत नसे.

“भावोजी, जरा येता का? पाठीत उसण भरलीय. आज मला एकटीला हे उचलवत नाहीत.”

सर आले, तेव्हा युनक्वै न्हाणीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेला होता. खांद्यावर टॉवेल टाकलेला. सरांना बघताच त्यानं मान फिरवली, जेवढी फिरत होती तेवढी.

“दादाला कशाला बोलावलंस?”

“मग कुणाला बोलावू? पुजाऱ्याला?” चिउमेई म्हणाली. “भावोजी, काखेखालून धरा. मी पाय बघते.”

सरांनी धरलं. युनक्वै उंचापुरा गडी. लहानपणी दोघं कुस्ती खेळत तेव्हा धाकटा असूनही तोच वर असायचा. आता तो इतका हलका झाला होता, की सरांनी लावलेला जोर जास्त झाला आणि दोघंही धडपडता धडपडता वाचले. कंबर दुखली नाही. कंबरेच्या नावावर एवढे महिने आपण काय टाळलं, हे सरांना तिथे, ओल्या फरशीवर उभं असताना कळलं.

तो अंघोळीच्या खुर्चीत नीट बसला तसं चिउमेई म्हणाली, “तुम्ही पाणी घाला. मी तोवर सुपं फिरवून येते, वारं पडलंय.” आणि ती गेली.

दोघं भाऊ आत राहिले. युनक्वैच्या बरगड्या मोजता येतील अशा दिसत होत्या. मांड्यांवरचं मांस ओसरलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले होते. आपल्याला असं कुणी पाहू नये आणि दादानं तर नाहीच, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सरांनी लोटा भरला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

“क्वै, तुला एक सांगायचंय.”

“आधी पाणी घाल. थंडी वाजते.”

सरांनी पाणी घातलं. खांद्यावर, पाठीवर. मग त्याच्या पाठीकडे बघतच त्यांनी सांगितलं. वेग चढवल्याचं, चाचणी अर्धी सोडल्याचं, तांबड्या शब्दाचं, वर्गात ‘हो’ म्हटल्याचं आणि रविवारी ‘चार’ म्हटल्याचं. आडवळणं न घेता सांगितलं. वर्गात धडा शिकवतानाही ते इतकं सरळ कधी बोलले नसतील.

युनक्वैच्या केसांतून पाणी नाकावर येऊन ठिबकत होतं, ते त्याला पुसता येत नव्हतं.

“एकही नाही?”

“नाही.”

“चुकूनमाकून एखादा?”

“एकही नाही.”

“मग मला कशाला सांगितलंस?”

सर गोंधळले. “तुला फसवत होतो म्हणून.”

“फसवत होतास त्याचं मला काही नव्हतं.” त्याचा आवाज चढला नाही, तो चढतच नसे आता. “रात्री मला झोप लागत नाही, दादा. कूस बदलता येत नाही. चिउमेईला किती वेळा उठवू? तसाच पडून असतो. तेव्हा मी तुझ्या त्या यंत्राचा विचार करायचो. म्हणायचो, मी नुसता पडलोय, पण तिकडे ते चाललंय. आता कशाचा विचार करू?”

सरांनी एक गोष्ट राखून ठेवली होती. वेग खाली आणल्यावर पाठवलेला पहिला लहान तुकडा त्याच सकाळी मान्य झाला होता. भावाला धीर द्यायला ती सांगायची, असं ते येताना ठरवत आले होते. पण आता ती जिभेवर आली तेव्हा त्यांना जाणवलं, की नापास पोरगं शेवटी हात जोडून एक मार्क वाढवून मागतं, तसं ते दिसेल. त्यांनी ती गिळली.

“सांगून तुला मोकळं वाटलं ना?” युनक्वै म्हणाला.

“नाही.”

“मग दोघांचाही तोटा झाला.” थोड्या वेळानं म्हणाला, “चिउमेईला सांगू नकोस. तिला तरी राहू दे. आणि नाक पूस माझं.”

सरांनी त्याचं नाक पुसलं. साबण लावला. तो डोळ्यांत गेला, तेव्हा युनक्वैनं एक शिवी हासडली, लहानपणी देत असे तीच. सरांनी लगबगीनं पाणी घातलं, तर ते फार गरम निघालं. चिउमेई परत आली तेव्हा सर गुडघ्यांपर्यंत भिजलेले होते आणि फरशीवर अख्खी बादली उलटली होती.

“एक माणूस धुतलंत का दोन?” ती म्हणाली.

पुढच्या ज्येष्ठांच्या वर्गाला सर न बोलावता गेले. कागदाच्या फुलांचा तास चालू होता. त्यांनी चान बाईंकडे दोन मिनिटं मागितली आणि सगळ्यांपुढे उभं राहून सांगितलं, की तो तांबडा शब्द पासचा नव्हता. नापासचा होता, आणि ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. भावाचं नाव त्यांनी घेतलं नाही. एवढंच म्हणाले, की ही गोष्ट माझ्या भावाच्या घरी कुणी बोलू नये, एवढी कृपा करा.

मागून एक म्हातारा म्हणाला, “जाऊ द्या हो सर. यंत्रच ते.” आणखी दोघं म्हणाले, “त्यात काय एवढं.” लोकांनी इतक्या झटकन माफ केलं, की सरांना जास्तच लाज वाटली. कुणी रागावलं असतं तर उभं राहायला काही आधार मिळाला असता. चान बाईंनी मात्र कात्री खाली ठेवली.

“म्हणजे माझ्या डब्याला तुम्ही चारचौघांत निवृत्त केलंत,” त्या म्हणाल्या, “आणि नंतर माझ्याच तोंडावर हो म्हणालात.”

“हो.”

“मी सगळ्यांना लिहून कळवलं. तुमच्या भावजयीलासुद्धा.”

“ठाऊक आहे.”

“मला मूर्ख केलंत सर.”

“हो,” सर म्हणाले. दुसरं काय म्हणणार. बाईंनी पुन्हा कात्री उचलली आणि फुलाची पाकळी कापू लागल्या. तास संपल्यावर सरांनी तिथेच थांबून खुर्च्या उचलून ठेवल्या. निघताना बाईंनी तो लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात सरकवला. सर तो घरी घेऊन गेले, आतली धूळ काढली आणि चाचणी लावली. पूर्ण दिवस चालू दिली, मधे दोनदा उठून बघितलं. मग परत नेऊन दिला. बाईंनी दारातूनच घेतला आणि ‘बरं’ म्हणाल्या.

युएलान परत आल्यावर त्यांना सगळं कळलं. सरांनीच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, “आता तिकडे रोज कोण जायचं?” सर म्हणाले, “एक दिवस तू, एक दिवस मी.”

हंगाम सरला. वाळवलेली फळं डब्यांत भरून गेली, सुपं धुऊन भिंतीला टेकली. सर दिवसाआड जात राहिले. युनक्वै त्यांच्याशी पूर्वीसारखा बोलत नसे. चिउमेई दोघांकडे आळीपाळीनं बघे, पण विचारत नसे. एक-दोनदा सरांनी बोलणं काढायचा प्रयत्न केला, तेव्हा युनक्वैनं डोळे मिटले. लहान तुकडे हळूहळू मान्य होत होते, पण ते सांगण्याजोगं घर आता उरलं नव्हतं. सरही वरच्या खोलीत फारसे जात नसत.

एका सकाळी, गार वारं दाराच्या फटीतून आत येत असताना, सर त्याला खुर्चीवरून पलंगावर घेत होते. चिउमेई बाजाराला गेली होती. सर कंबरेतून वाकले, काखेखाली हात घातले, आणि अर्ध्यात अडकले.

“तसं नाही,” युनक्वै म्हणाला. “गुडघ्यात वाक. कंबर ताठ ठेव.”

सरांनी त्याला परत खुर्चीत ठेवलं.

“पाय फाकव आणखी. डावा पुढे. माझी मान तुझ्या खांद्यावर घे आधी, नाहीतर मागे पडते.”

सरांनी डावा पाय पुढे घेतला, भावाची मान खांद्यावर घेतली आणि जोर केला. तो उठला, पण पलंगाशी वळताना सरांचा पाय चादरीत गुंतला आणि त्यांना त्याला पुन्हा टेकवावं लागलं. दोघांनाही धाप लागली होती.

“मला येत नाही हे, क्वै,” सर म्हणाले.

“दिसतंय,” युनक्वै म्हणाला. “चादर बाजूला कर. परत.”